स्टॉकटनवाले अब्रामकाका

इस्रायलच्या वाळवंटात, डिमोना गावात आमच्या शेजारी राहणारे अब्रामकाका नव्या माणसाला नाव विचारत नसत. ते विचारत, "स्टॉकटन ठाऊक आहे का?"

ठाऊक नसलं की सुरू. "अरे, साधं गाव नव्हे ते! विलायतेत, टीज नदीवर. जहाजं बांधली, पूल बांधले. एक स्टॉकटन अमेरिकेत, एक ऑस्ट्रेलियात. गावाला जगभर लेकरं झाली!" स्वतः काकांनी अलिबाग, मुंबई आणि डिमोना एवढंच पाहिलेलं. कापडगिरणीत ते माझ्याच पाळीला फिटर होते.

जवळच्या बेर शेवा शहराच्या बसमध्ये एकदा त्यांनी एका रुमानियन बाईंना अख्खी टीज नदी समजावून सांगितली, मराठीत. बाई मान डोलवत राहिल्या आणि उतरताना काकांच्या हातात दोन संत्री ठेवून गेल्या. "बघ, पटलं तिला," काका म्हणाले.

डिमोनाच्या धुळीला कुणी नावं ठेवली की मात्र खवळत. "स्टॉकटन तरी आधी चिखलच होता ना? उद्या अमेरिकेत डिमोना निघेल, तेव्हा बोल!"

त्रेसष्टच्या हिवाळ्यात ते एक पत्र घेऊन आले. "वाच बाबा. इंग्लिश बोलतो मी, पण हे अक्षर लागत नाही."

पत्र ऑस्ट्रेलियातल्या स्टॉकटनहून, एका म्हाताऱ्या घरमालकिणीचं होतं. तेव्हा कुठे मला कळलं. काकांचा धाकटा भाऊ दानियल बोटीवर खलाशी म्हणून गेला तो परतलाच नाही. त्याच्या शेवटच्या पाकिटाचं तिकीट गळून पडलेलं, शिक्का पुसट; गावाचं नाव तेवढं लागत होतं. देश कुठला, कळत नव्हतं. म्हणून काका इथे आल्यापासून सात वर्षं एकेका स्टॉकटनला पत्रं धाडत होते.

मी वाचत गेलो. दानियल शुक्रवारी मासे तळून शेजाऱ्यांना वाटायचा. मोठ्या भावाला मुंबईच्या पत्त्यावर लिहायचा. काका तर इकडे आलेले, म्हणून पत्रं परत यायची. दोन वर्षांपूर्वी तो वारला.

काकांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "गेलेल्यासाठी कादिशची प्रार्थना म्हणायला दहा यहुदी पुरुष लागतात. तिथे त्याच्यासाठी दहा कुठून जमले असणार?"

मी गिरणीत निरोप दिला. संध्याकाळी काकांचं घर भरलं. उरलेली माणसं जिन्यात उभी राहिली, त्याहून उरलेली रस्त्यावर. काका दारात आले, खालपर्यंत नजर फिरवली आणि ताठ झाले.

"दानियल, बघ रे," ते हळूच म्हणाले, "मोजावीसुद्धा लागली नाहीत."