राजाचं नाक

अलीभाई खोतांनी जोडलेला जोड शोधून दाखवावा आणि त्यांच्याकडून पोटभर बिर्याणी खावी! तबूकच्या अख्ख्या कॅम्पाला त्यांचं हे उघड आव्हान होतं. पाण्याची टाकी असो, एसीची नळी असो की कफीलची, म्हणजे अरबी मालकाची, कॉफीची किटली, अलीभाईंनी ज्योत फिरवली की फट गायब. "माझा जोड? तो मलापण सापडत नाय!" असं ते छाती फुगवून सांगायचे. बिर्याणी आजवर कुणालाही मिळाली नव्हती.

त्यांचा रूम पार्टनर विश्वनाथ स्टोअरकीपर होता. अलीभाई दाभोळचे, हा खाडीपलीकडचा गुहागरचा, त्यामुळे दोघांत भांडणही घरच्यासारखं व्हायचं. विश्वनाथला जुन्या नाण्यांचं भयंकर वेड. आखातात युद्ध पेटलं, शेजारच्या लष्करी तळावर अमेरिकन उतरले, बाकीचे गावाला जायचं तिकीट शोधू लागले आणि हा पठ्ठ्या नाणी शोधू लागला! सापडलाही त्याला जोडीदार. हॅरिस नावाचा एक पिकल्या केसांचा सार्जंट, तसाच नाणेवेडा. विश्वनाथने त्याला आपली शिवराई दाखवली. त्याने खूश होऊन आपल्या आजोबांची तंबाखूची डबी, आतल्या ठेव्यासकट, याच्या हाती दिली. शुक्रवारपुरती!

शुक्रवारी मेसमध्ये प्रदर्शन होतं. हॅरिस येणार, खुद्द कफील येणार. तोवर डबीत काय आहे हे विश्वनाथ कुणाला दाखवेना.

"अरे, मी काय खातोय का तुझं नाणं?" अलीभाई वैतागले.

"अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं ना, तेव्हाची चांदी आहे. एवढंच सांगतो, अलीभाई. शब्द दिलाय मी त्याला, दिलीत तशी परत करीन म्हणून."

आणि गुरुवारी दुपारी सायरन वाजला.

विश्वनाथ स्टोअरमध्ये होता. खोलीत अलीभाई एकटे. त्यांनी घाईघाईत गॅसचा मास्क चढवला तो उलटा. समोरचं काही दिसेना. धडपडत निघाले, फळीला धक्का लागला, डबी खाली आली आणि तिच्यावर अलीभाईंचा सगळाच्या सगळा पाय पडला!

सायरन थांबल्यावर त्यांनी चेपलेली डबी उघडली. आत चांदीच्या नाण्याचे चार तुकडे!

"या अल्ला! इंग्रजांच्या राज्यातून सुटलं आणि माझ्या पायाखाली मेलं!"

दुसरा कुणी असता तर रडत बसला असता. अलीभाईंनी ज्योत पेटवली. वर्कशॉपात चांदीची कांडी होती, टाकणखार होता आणि हात तर त्यांचाच होता. तुकडे वाटोळे मांडले, फटी भरल्या, कानशीने घासलं. जोड असा बसला की बघत राहावं!

पण नाण्यावरचा राजा काही बसेना. त्याला दोन मानगुटी होत्या आणि नाकच नव्हतं.

"वजन कमी केलं पाहिजे," अलीभाई पुटपुटले. "एका पायात राजाचं नाक उडालं!"

त्यांनी खोली झाडून काढली, खाटेखाली रांगले. एक शर्टाचं बटण मिळालं, नाक नाही. पण विशूची इज्जत राखायची तर राजाला नाक हवंच. शेवटी त्यांनी चांदीच्या कांडीतून एक नवं नाक घडवलं. सरळ, उंच, अगदी दाभोळच्या खोतांसारखं. डबी ठोकून नीट केली, नाणं चमकवून आत ठेवलं आणि गपचूप फळीवर नेऊन ठेवलं.

शुक्रवारी विश्वनाथ इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोलू लागला.

"भाइयों, तब अमेरिका में छुट्टा नहीं मिलता था! लोग स्पेन के राजा का सिक्का छेनी से काटकर चलाते थे. ये देखो, चार अलग सिक्कों के चार टुकडे!"

अलीभाईंच्या हातातला चहा हातातच राहिला. चार वेगवेगळ्या नाण्यांचे? मुळातच तुकडे?

डबी उघडली. आत एक करकरीत वाटोळं नाणं, आणि त्यावर दोन मानगुटींचा, दाभोळच्या नाकाचा राजा!

विश्वनाथचा चेहरा पांढराफटक पडला. हॅरिसचं हसू विरलं. अलीभाईंना जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण ते उठले.

"मी केलं. पाय माझा, हात पण माझा. विशूची काय चूक नाय, साहेबाला सांग."

हॅरिसने भिंग काढलं. बराच वेळ नाणं न्याहाळलं. मग काहीतरी विचारलं.

"म्हणतोय," विश्वनाथने मराठीत सांगितलं, "जोड कुठे आहे?"

खरं सांगायचं तर, इतक्या लाजेतही अलीभाईंची छाती इंचभर वर आली!

"आणि म्हणतोय, बरोबर जोडावर कापून होते तसे चार तुकडे करून द्या, म्हणजे झालं. जमेल ना, अलीभाई? माझा शब्द आहे हो!"

"जमेल ना म्हणजे? यल्ला, आण ते भिंग इकडं!"

अलीभाई दारातल्या उन्हात जाऊन उभे राहिले. नाणं फिरवलं. उलटं केलं. चष्मा पुसला. परत फिरवलं. मेसमध्ये सगळे ताटकळले, कफीलने दुसऱ्यांदा कॉफी मागवली. अखेर ते खाली मान घालून परत आले.

"विशू, जोड सापडत नाय रे," ते हळूच म्हणाले. "त्याला विचार ना, नुसतं नाक काढून दिलं तर चालंल?"