मास्तरांचा उजवा हात

कोट शिवणाऱ्या मास्तरांना विमा समजला आणि त्या दिवसापासून गिऱ्हाइकांची काही धडगत राहिली नाही!

"अगदी सोपं आहे हो!" माप घेता घेता मास्तर सुरू व्हायचे. "आयुर्विमा म्हणजे मी गेलो तर पैसे बायकोला. आरोग्य विमा म्हणजे मी आजारी पडलो तर पैसे दवाखान्याला. आणि अपंगत्वाचा विमा म्हणजे हात कामातून गेला तर दरमहा पैसे मला! छाती फुगवू नका, कोट ढगळ होईल."

"म्हणजे तिन्हींत काहीतरी वाईट तुम्हालाच व्हायला हवं," शिलाई मशीनवरून मान वर न करता बायको म्हणाली. "बसा की गप्प!"

मास्तर गप्प बसणाऱ्यांतले नव्हतेच. पहिले दोन विमे त्यांनी मागेच उतरवले होते. तिसऱ्याचा अर्ज मंगळवारी सकाळी मेहुण्याने भरून नेला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, विमा एजंट. जाता जाता तो सहज बोलून गेला, "भाऊजी, सोमवारी कागद येतील. त्याआधी काही झालं तर मात्र दमडीही मिळायची नाही हं!"

झालं! मास्तरांनी बोटांवर दिवस मोजले. मधे तब्बल सहा दिवस! तेवढ्यात हात दारात चेंगरला तर? इस्त्रीखाली आला तर? ज्या हातावर घर चालतं, तो असा उघड्यावर ठेवायचा? त्यांनी हाताला कापूस गुंडाळला, वरून कोटाच्या अस्तराची पट्टी करकचून आवळली आणि हात गळ्यात अडकवून स्टुलावर बसले.

"अहो, बँडवाल्यांचे बावीस कोट कापून शनिवारी कारागिरांकडे शिवायला द्यायचेत!" बायको किंचाळली. "कापणार कोण?"

"तू खडूने आखून ठेव. कापायचं मी बघतो!"

दुकानात कात्रीला मास्तरांशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम होता. बायकोने एकदा कात्रीकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि खडू उचलला.

बुधवारी बँडचे म्होरके चौकशीला आले आणि गळ्यातला हात बघून मटकन खालीच बसले. तिथून उठले ते बातमी घेऊनच! गुरुवारी दोन गिऱ्हाइकं न कापलेलं कापड परत घेऊन गेली. एक आजोबा तर सांत्वनाला आले आणि चहा पिऊन गेले.

शुक्रवारी फाइल घेतलेल्या एक बाई दुकानात शिरल्या. मास्तरांना वाटलं, गिऱ्हाईक!

"हाताला काय झालं?" बाईंनी विचारलं.

"अजून काही नाही." मास्तरांनी आवाज खाली आणला. "जे काय व्हायचं ते सोमवारनंतर!"

"सोमवारनंतर?"

"विम्याचे कागद आले की! मग हात मोडला तरी फिकीर नाही. आधी मोडला तर सगळंच मुसळ केरात!"

बाईंनी शांतपणे फाइल उघडली. "मी विमा कंपनीतूनच आलेय. तुमच्या अर्जाच्या चौकशीला."

मास्तर स्टुलावरून ताडकन उठले. "बाई, तसं नाही हो! हात ठणठणीत आहे! हे बघा!" त्यांनी पट्टी ओढली, कापूस भिरकावला. चार दिवस आवळलेला हात पांढराफटक पडला होता आणि त्याला नुसत्या मुंग्या! त्यांनी कात्री उचलली. कात्री दाणकन बाईंच्या चपलेशेजारी पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली.

"हात कधीपासून असा आहे?"

"मंगळवारपासून!"

"अर्जही मंगळवारचाच," म्हणत बाई लिहू लागल्या.

"लिहू नका हो! फक्त मुंग्या आल्यात!" मास्तर अगदी रडकुंडीला आले. फसवणुकीचा शिक्का बसला तर पुन्हा कोण त्यांचा विमा उतरवणार? आणि त्याशिवाय, बँडवाल्यांना काय तोंड दाखवणार?

तेवढ्यात बायको उठली. तिने कात्री उचलली, टेबलावर कापड पसरलं आणि एका दमात अख्खा कोट कापून मोकळी झाली.

"हा एकविसावा," ती म्हणाली. "वीस कापून झालेत. तुम्ही दुपारी हात सांभाळत घोरत होता ना, तेव्हा!"

"कात्रीला हात लावलास?"

"मग काय, बँडवाल्यांना खडूच्या रेघा घालून पाठवू?"

मास्तरांनी डाव्या हाताने कापडाची कड चाचपली. एक सूत इकडेतिकडे नाही. बाहीचा गोलावा तर त्यांच्यापेक्षा सरस! "कुठे शिकलीस?" त्यांचा आवाज एवढुसा झाला.

"वडिलांच्या दुकानात. लग्नाच्या आधी. तुम्ही कधी विचारलंत?"

बाईंनी लिहिलेलं खोडलं. प्रकार काय आहे, हे त्यांच्या आता ध्यानात आलं होतं. हसू दाबत त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमचा अर्ज महिनाभर थांबवते. मुंग्या गेल्या की डॉक्टरांना हात दाखवा. पण विमा खरा यांच्या हाताचा उतरवायला हवा. भरायचा का अर्ज?"

"भरा की!" बायकोने बाविसाव्या कोटाचं कापड पसरलं.

बाईंनी नवा अर्ज काढला. नाव झालं, पेशा झाला. "तुमच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्ती?"

"एकच," कात्री चालवता चालवता बायको म्हणाली. "हे काय, समोर उभे आहेत."

बाईंनी त्या व्यक्तीचं वय विचारलं. मास्तरांनी ते मुकाट्याने सांगितलं.