बॉनेटवरच्या पापड्या

गाडीच्या बॉनेटवर साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालून टॉर्नेडोची वाट बघणारा माणूस मी एकच पाहिला आहे. इथे ऑस्ट्रेलियात, क्वेकर्स हिलमधला माझा शेजारी, पद्माकर ठोसर.

ठोसर मूळचा अमरावतीचा. आठवडाभर बँकेचं सॉफ्टवेअर तपासतो आणि सुट्टीच्या दिवशी वादळांच्या मागे धावतो. नऊ वर्षांत त्याला एकही टॉर्नेडो दिसला नव्हता. त्याच्या फोनवर रडार आहे, नकाशे आहेत, पण शेवटचा शब्द आईचा. व्हिडिओ कॉलवर तो तिला ढग दाखवतो. या बाईंनी जन्मभर गच्चीत वाळवणं घातली आणि एकही भिजू दिलं नाही. त्यामुळे "थांब, आईला विचारू" यापुढे ठोसर कुणाचंच ऐकत नाही.

कोविडचं पहिलं वर्ष होतं. विमानं बंद, आई तिकडे एकटी. दर दिवाळीला घरी जाणारा ठोसर त्या वर्षी इथेच अडकला. नोव्हेंबरात निर्बंध जरा सैल झाल्यावर तो मला घेऊन उत्तरेच्या माळरानावर निघाला. मला मागच्या सीटवर तिरकं बसवलं, मास्क लावायला लावला आणि चारही काचा उघड्या ठेवल्या. सात तासांत माझे होते नव्हते ते केस उभे राहिले.

दुपारी रेंज मिळाली तिथे त्याने गाडी लावली. चहूकडे सपाट काळी जमीन. आईने फोनवरून सांगत करवून घेतलेल्या अर्धवट वाळलेल्या पापड्या त्याने बॉनेटवर कागद घालून पसरल्या आणि कडांवर चार दगड ठेवले. एका शेतकऱ्याने उघड्या हौद्याची यूट थांबवून विचारलं, "ऑल गुड, मेट?"

"वेदर इन्स्ट्रुमेंट," ठोसर गंभीरपणे म्हणाला. तो भला माणूस मान डोलावून गेला.

ठोसर कॅमेरा लावून त्याच्यापाशी उभा राहिला. फोन धरून आईंना आभाळ दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

"ही तं आपलीच काळी माती आहे रे," आई म्हणाल्या. मग पश्चिमेचा ढग हळूहळू फिरू लागला. ढगातून एक सोंड खाली यायला लागली. ठोसरचं बोट बटणावर होतं.

"पद्या, पाणी येते. वाळवण उचल."

नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली तो टॉर्नेडो समोर जमिनीला टेकला आणि ठोसर कॅमेरा सोडून बॉनेटकडे पळाला. भराभर पापड्या डब्यात भरून त्याने वळून पाहिलं, तोवर सोंड परत ढगात शिरली होती. रेकॉर्डिंग सुरूच झालं नव्हतं.

"तुला दिसला का, आई?"

"पाहिला ना. केवढा मोठा! शेजारच्या कुसुमला सांगते आता, माझ्या लेकानं दाखवला म्हणून. पापड्या भिजल्या नाहीत ना?"

"नाही."

"मग झालं. ये आता घरी."

बोलून गेल्यावर त्यांच्याही लक्षात आलं असावं. ठोसरने डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग तो म्हणाला, "येतो."

वादळवाल्यांच्या ग्रुपवर त्याने टॉर्नेडो दिसल्याचं कळवलं. लगेच विचारणा झाली, प्रूफ कुठे आहे? "माय मदर सॉ इट," एवढंच त्याने लिहिलं आणि फोन खिशात टाकला. मला त्याचा फार अभिमान वाटला, आणि तसं मी त्याला सांगितलंही.

मोटेलकडे निघताना मला सपाटून भूक लागली होती. म्हटलं, "यार, चार पापड्या तळू या की."

"त्या आईच्या आहेत. विमानं सुरू झाली की घेऊन जाणार."

मी मुकाट्याने मागे तिरका बसलो. पुढच्या सीटवर त्याने डबा ठेवला आणि त्याला सीटबेल्ट लावला.