रुसण्याची पात्रता

माणसाला राहायला घर लागतं, हे कार्यालयांनी फार पूर्वीच मान्य केलेलं आहे. घरात माणसंही लागतात, हा शोध त्या मानाने अलीकडचा. तो लागल्याबरोबर 'कुटुंबात निवास' ही योजना निघाली, आणि ती किती चांगली आहे हे सांगायला मी हे लिहिते आहे. (चांगली आहे. गैरसमज नको.)

योजना अशी. काही मोठी माणसं एकटी राहू शकत नाहीत. कुणाला व्यवहार उमगत नाही, कुणाला गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही, कुणाला बस बदलायची म्हटलं की रडू येतं. (ही लक्षणं मी मोठ्याने वाचत असताना नवरा माझ्याकडे बघत होता. मी पान उलटलं.) अशांना संस्थेच्या लांबलचक खोलीत ओळीने न ठेवता एकेकाला एकेका कुटुंबात ठेवायचं, आणि कुटुंबाने त्याला 'घरच्या माणसाप्रमाणे' वागवायचं. घरच्या माणसाला कसं वागवतात, हे पत्रकात दिलेलं नव्हतं. ते लिहिणाऱ्याने बहुधा घरी जाऊन पाहिलं असावं आणि विचार बदलला असावा.

आमच्याकडे एक खोली रिकामी होती. म्हणजे तिच्यात व्यायामाची सायकल होती, इस्त्रीला काढलेले आणि न गेलेले कपडे होते, पण माणूस नव्हता. सासूबाईंनी दवाखान्यातून ते पत्रक आणलं, सोबत अर्जही: पुढची बाजू ठेवून घेणाऱ्या कुटुंबाने भरायची, मागची राहायला घर हवं असलेल्या माणसाने. "तसंही आपल्या घरात रोज कुणी ना कुणी चुकतंच," त्या म्हणाल्या. "एक वाढलं तर काय बिघडलं?" नवरा म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा, मी आहेच." (तो असतोच.) मी म्हणाले, "माझं काय, मला चालेल."

आमच्याकडे छोटी आहे, म्हणून तयारी मी केली. छोटी अडीच वर्षांची असून 'नाही' हा एकच शब्द पूर्ण जबाबदारीने वापरते. मी कात्र्या वरच्या कपाटात ठेवल्या, औषधं त्याहून वर ठेवली आणि कपाटाची किल्ली इतक्या सुरक्षित जागी ठेवली की ती अजून सापडलेली नाही. येणाऱ्या माणसाच्या दाराला मी एक घंटी बांधली. (मांजराच्या गळ्यात बांधतात तशी नव्हे. तिच्यापेक्षा जरा मोठी.)

मग काका आले. पन्नाशीचे, नीट भांग पाडलेले, हातात एक निळी पिशवी. ती त्यांनी पलंगाशेजारी ठेवली आणि तिच्यातलं काहीच बाहेर काढलं नाही.

"खोली चालेल ना?" मी विचारलं.

"चालेल."

"पंखा लावू?"

"चालेल."

"की नको?"

"चालेल."

त्यांचं नाव चालेलकाका पडलं, हे सांगायला नको. ते त्यांनाही चाललं. उभं आयुष्य संस्थेच्या धुलाईखोलीत चादरींच्या घड्या घालण्यात गेलेलं, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून ते आमच्याही कपड्यांच्या घड्या घालायला लागले. टॉवेलची ते तिहेरी घडी घालत, कडा अशा की हात कापावा. सासूबाई एकेक टॉवेल उलगडून त्याची चौघडी करत. या घरात टॉवेल चौघडीच असतो. काका शेजारी उभं राहून बघत आणि कुणी न विचारताच म्हणत, "चालेल."

असा माणूस घरात असण्याचे तोटे आहेत. एकदा दारात पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा आला. मी भाजी घेऊन परतले तेव्हा भिंतीला भोकं पाडून झाली होती आणि काका विक्रेत्याला स्टूल धरून मदत करत होते.

फायदा मात्र एकच, पण तो मी जिवापाड सांभाळते. मी अंघोळीला गेले की काका छोटीला घेऊन न्हाणीघराच्या दाराबाहेर बसतात. ती म्हणते "नाही," ते म्हणतात "चालेल," ती म्हणते "नाही." आजवर दोघांचं एकदाही भांडण झालेलं नाही. आई झाल्यापासून मी पहिल्यांदाच दाराला आतून कडी लावून अंघोळ केली, ती त्यांच्यामुळे. कान मात्र घंटीकडे ठेवूनच. केसही धुतले.

तर अशा सुखात तपासणीचा दिवस आला.

तपासणीच्या बाई उंच, शांत आणि पायातले बूट स्वतःहून काढणाऱ्या होत्या. त्यांनी खोली पाहिली, खिडकी उघडून पाहिली, घंटीला बोट लावलं. "ही कशासाठी?"

"शोभेची आहे," मी म्हणाले.

त्या निळ्या पिशवीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग बाहेर येऊन बसल्या. मी काकांना विचारलं, "काका, तुम्ही चहा घेणार का हो?"

"चालेल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही नवऱ्याला काय हाक मारता?"

"अरे म्हणते."

"आणि यांना?"

"अहो."

"म्हणजे या घरात तुमच्या तोंडून अहो ऐकणारे पुरुष हे एकटेच." नवऱ्याला हे आजवर सुचलं नव्हतं, त्याचा चेहरा जरा उतरला. "आजी, तुम्ही? तुमच्यापेक्षा तर लहान आहेत हे."

"मीही अहोच म्हणते," सासूबाई म्हणाल्या. "परक्या माणसाला एकदम अरे कसं म्हणायचं?"

'परक्या' हा शब्द टीपॉयवर पडला. बाईंनी तो अलगद उचलून कागदावर ठेवला.

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, आणि हे योजनेतलं सर्वांत सुंदर कलम आहे. काका याआधी दोन घरी राहिले होते. दोन्ही घरांनी 'अतिशय समाधानकारक, कसलाही त्रास नाही' असा शेरा देऊन त्यांना परत पाठवलं होतं. त्रास नाही, म्हणजे माणूस अजून पाहुणाच. कार्यालयाने यावर एक साधी कसोटी शोधली आहे: माणूस घरात रुसतो का? पाहुणा रुसत नाही. पाहुणा लवकर निघतो. रुसायला हक्क लागतो, आणि रुसल्यावर कुणीतरी येईल अशी खात्री लागते. कलमात पुढे खुलासाही आहे. रुसण्याची जागा येण्याजाण्याच्या वाटेवर हवी. बंद खोलीतला रुसवा विश्रांतीत धरला जातो. एका ताटावरून उठून दुसऱ्या ताटावर बसणं रुसव्यात येत नाही. आणि रुसलेल्या माणसाला चहा गार व्हायच्या आत कुणी उठवायला गेलं नाही, तर तो रुसवा कुटुंबाच्या खात्यात उपेक्षा म्हणून लागतो.

"पुढच्या महिन्यात येते," बाई बूट घालत म्हणाल्या. "तोवर रुसले नाहीत, तर हे घर त्यांचं नाही असं समजायचं. मग पुन्हा संस्था, आणि तिथून पुन्हा कुणी बाहेर काढेल असं वाटत नाही."

काका दारात उभे राहून हे ऐकत होते. ते म्हणाले, "चालेल."

त्यांनी एवढं नुसतं म्हटलं, आणि सासूबाई डोळ्याला पदर लावत स्वयंपाकघरात गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही काकांचा पद्धतशीर अपमान सुरू केला. प्रत्येकाला काम वाटून दिलं होतं. नवऱ्याने त्यांचा कार्यक्रम रंगात आला असताना टीव्ही बंद केला. चालेल. सासूबाईंनी त्यांच्या चहात साखर घातली नाही. चालेल. मी त्यांना सर्वांत शेवटी वाढलं, तेही करपलेलं. त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. छोटीने त्यांच्या चपलेत पाणी ओतलं. हे नियोजनाबाहेरचं होतं, पण आम्ही ते धरून घेतलं. काका ओल्या चपला घालून दिवसभर पचक पचक चालले. (या काळात घरात झालेल्या एकूण अपमानांपैकी निम्मे नेम चुकून नवऱ्याला लागले. तो प्रत्येक वेळी रुसला. ते ग्राह्य नव्हते.)

"अगं, जमत नाही मला," सासूबाई एका दुपारी मला म्हणाल्या. "इतका गरीब माणूस. तोंडातून वाईट शब्द निघत नाही."

"माझ्या वेळी बरे निघाले होते," मी म्हणाले.

"तू घरची आहेस ना गं," त्या म्हणाल्या. हे त्यांनी प्रेमानेच म्हटलं.

बाई पुन्हा आल्या तेव्हा आम्ही सगळे हरल्यासारखे बसलो होतो. काका कोपऱ्यात टॉवेलच्या घड्या घालत होते. छोटी त्यांच्या पायाशी बसून एकेक टॉवेल हातात देत होती. सासूबाईंना अशा वेळी हात रिकामे ठेवता येत नाहीत. त्यांनी ढिगातला वरचा टॉवेल उचलला, झटकला, उलगडला आणि चौघडी घालायला घेतली.

"नाही चालणार," काका म्हणाले.

आधी वाटलं छोटीच बोलली. शब्द तिचा होता, आवाज नव्हता.

"काय म्हणालात?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही चालणार. मी घातली घडी. रोज मोडता. रोज!" काकांनी हातातला टॉवेल खाली टाकला. "मला नाही चालणार." ते उठले, आपल्या खोलीत गेले आणि दार असं आपटलं की घंटी तुटून घरंगळत बाहेर आली.

आम्ही मनात कलम आठवलं. बंद खोली, विश्रांतीत जाणार. पण दार पुन्हा उघडलं. काका बाहेर आले आणि चपलांच्या मांडणीवर, सगळ्यांना अंग चोरून जावं लागेल अशा जागी, आमच्याकडे पाठ करून बसले. हात रिकामे. पिशवी आतच राहिली होती.

"रुसले!" नवरा ओरडला. त्याने माझा हात हातात घेऊन हलवला. मी बाईंना बिस्किटं दिली. बाईंनी पेन काढलं, आणि मग स्वतःच्या कपाकडे पाहिलं. वाफ कमी होत चालली होती. आनंदाच्या भरात उठवायला कुणीच गेलं नव्हतं.

सासूबाई गेल्या. गुडघ्यावर हात टेकत काकांसमोर उभ्या राहिल्या.

"ऊठ रे," त्या म्हणाल्या. "पुरे झाली नाटकं. म्हातारीला किती वेळ उभं करशील? घाल तुला हव्या तशा घड्या."

काका जरासे वळले. "तीन?"

"तीन तर तीन. पण पाहुणे आले की चार."

"नाही," काका म्हणाले.

"बरं बाबा, नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्याच शेजारी मांडणीवर टेकल्या. बाईंनी कागदावर दोन खुणा केल्या. एक रुसव्याची, एक 'अरे'ची. काका राहिले. निळी पिशवी त्यांनी त्याच संध्याकाळी रिकामी केली आणि तिची तिहेरी घडी घालून ठेवली.

निघताना बाई दारात थांबल्या. "एक राहिलंच. कुटुंबातल्या बाकीच्यांचंही विचारायचं असतं. तुम्ही रुसलात की कुठे बसता?"

"मी?" मी म्हणाले. "मला कुठला वेळ?"

"जागा विचारते आहे."

"न्हाणीघरात."

"कडी लावून?"

"हो."

"मग ती विश्रांती," बाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "या शेवटचं 'नाही' कशाला म्हणाल्या होत्या?"

नवरा चहात बिस्किट बुडवत होता. "हिचं काही नसतं हो," तो कौतुकाने म्हणाला. "हिला सगळं चालतं."

बिस्किट तुटून कपात पडलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पहिल्या भेटीत निळ्या पिशवीकडे पाहिलं होतं तसं.

योजनेला सध्या कुटुंबांची फार गरज आहे, आणि हे वाचणाऱ्यांची घरं चांगलीच असणार. अर्ज करण्याआधी एवढंच करून बघा. आज घरी 'काय करू जेवायला?' असं कुणी विचारलं की नेहमीचा शब्द तोंडात आला तरी तो गिळून 'नाही चालणार' म्हणा, आणि जाऊन चपलांच्या मांडणीवर बसा. चहा गार व्हायच्या आत कुणी उठवायला आलं, तर कुटुंब म्हणून अर्ज करा. कुणी नाहीच आलं, तरी हरकत नाही. अर्ज तोच आहे. फक्त मागची बाजू भरायची.