छपरावरचं ऊन आणि काकूंची झोप

काकूंनी चष्मा काढून खिडकीत ठेवला, उशी उलटून तिची गार बाजू वर घेतली, पाठ टेकली, आणि भिंतीपलीकडे कपडे धुण्याचं मशीन घरघरायला लागलं.

धुणं सकाळीच झालं होतं. ते दोरीवर वाळतही होतं. काकू उठून बघायला गेल्या, तर काका मशीनसमोर स्टूल टाकून बसले होते आणि काचेआड गरगरणाऱ्या पडद्यांकडे कौतुकानं बघत होते. हे पडदे गेल्याच आठवड्यात धुतलेले होते.

"आता हे काय काढलंत?" काकूंनी विचारलं.

"ऊन वाया चाललंय," काका म्हणाले.

काकांना सगळी गल्ली नळकाका म्हणायची. सारी नोकरी त्यांनी पाणीपुरवठ्यात काढली होती. टाकी भरली की व्हॉल्व्ह बंद करायचा, एवढंच काम. पण ते त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की कुणाच्या घरात नळ ठिबकताना ऐकू आला तर ते सरळ आत जाऊन तो पिळून बंद करून येत. एकदा तर न्हाणीघरात माणूस होता, तोंडाला साबण लावून बसलेला, तरीही. कुठं बादली भरून वाहू लागली की ते हातातलं काम टाकून धावायचे. अशा माणसाच्या छपरावर सुनेनं हौसेनं सोलारच्या पाट्या बसवल्या, आणि काकूंच्या नशिबाचे फेरे सुरू झाले.

आता त्या गल्लीतून मान वर करून चाललं तर डोळे दिपतात. तेव्हा मात्र तिथं ते एकच छप्पर निळं होतं, आणि सायकलवरून जाणारी माणसं जमिनीला पाय टेकून वर बघत राहायची. पाट्या बसवायला एक तरतरीत मुलगी आली होती. तिला सगळे सोलारवाली म्हणू लागले. तिनं काकांना समजावून सांगितलं, की यात बॅटरी नाही. दिवसा तयार होईल ती वीज घरात वापरायची, उरेल ती मीटरमधून बाहेरच्या तारेत जाते. पुढंही ती बरंच काही सांगत होती. पण उरेल ते बाहेर जातं, एवढं कानावर पडलं आणि काकांचं ऐकणं तिथंच थांबलं. त्यांच्या डोळ्यांपुढे भरलेली टाकी वाहू लागली होती.

त्यात वाचनालयात एका पाहुण्यांचं व्याख्यान झालं. सूर्याची वीज आणि जगाचा शाश्वत विकास, असा भारदस्त विषय. पाहुण्यांनी सांगितलं, की उन्हातून घेतलेल्या विजेमागे तेवढा कोळसा जमिनीतच राहतो, हवा तेवढी कमी काळवंडते, आणि जिथं अजून कंदिलावर अभ्यास चालतो अशा दूरच्या घरीही छपरावर एक पाटी टाकून दिवा लावता येतो. बाकीचे श्रोते टाळ्या वाजवून चहाकडे वळले. काका घरी आले ते साऱ्या जगाची जबाबदारी अंगावर घेऊनच.

"जगाचं भलं सकाळी करा," काकू म्हणाल्या. "दुपारी मला झोपू द्या."

"सकाळी ऊन कोवळं असतं गं. खरा दाब जेवणानंतरच येतो."

आणि काकूंची झोपही नेमकी जेवणानंतरची. त्या घरात सगळ्यांच्या आधी उठत आणि सगळ्यांच्या नंतर निजत. मधला तेवढा तासच त्यांचा एकटीचा होता. त्या तासात मुलं लहान असतानासुद्धा त्यांना कुणी हाक मारली नव्हती. एकदा मुलानं झाडावरून पडून हात मोडून घेतला होता, तर तोही दाराबाहेर मुकाट रडत बसला होता. ही झोप चुकली की संध्याकाळी काकू चहात मीठ घालत आणि सुनेला मुलाच्या नावानं हाक मारत. पडदे धुतले त्या दिवशी दोन्ही गोष्टी झाल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी दुपारी इस्त्री काढली. इस्त्रीचे कपडे संपल्यावर रुमालांना केली, रुमाल संपल्यावर वर्तमानपत्राला. मग घरातले सगळे दिवे लावले. आयुष्यभर लोकांच्या पाठीमागे फिरून दिवे मालवणारा हा माणूस भर दुपारी खोलीखोलीतून फिरून दिवे लावत होता, आणि संध्याकाळ झाली की कोळसा जळेल म्हणून ते मालवत होता. सुनेला ऑफिसातून आल्यावर अंधारात चपला काढाव्या लागत. तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, बाबांना दोन दिवस करू दे, आपोआप थंड होतील.

पण काकांचा हिशेब वेगळाच झाला होता. एका घरानं वापरून वापरून किती वापरायचं? टाकी वाहत असली तर शेजाऱ्यांना भांडी घेऊन बोलवायचं असतं.

पहिली आली समोरची शिंपीण. तिचं मशीन विजेवर चालायचं. काका तिच्या दारात जाऊन उभे राहिले आणि दुःखानं म्हणाले, की पोरी, तू इथं कोळशावर शिवतेस आणि तिकडं आमच्या छपरावरचं ऊन चाललंय वाया. वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून ती मशीन उचलून रस्ता ओलांडून आली. पहिल्या दिवशी मोठ्यांचा मान राखायला आली, दुसऱ्या दिवसापासून काकूंच्या चहासाठी.

मग केस कापायचं यंत्र घेऊन न्हावी आला. त्याच्यामागे त्याची गिऱ्हाइकं आली. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला आपलं धूड चौघांच्या मदतीनं उचलून घेऊन आला, कारण न्हाव्यानं त्याला सांगितलं होतं की तिथं चहा मिळतो आणि गिऱ्हाईकही बसलेलं असतं. घरात सगळ्यात जास्त प्लग होते मधल्या खोलीत, कारण ती एके काळी मुलाच्या कॉम्प्युटरची खोली होती. आणि काकूंची खाट मधल्याच खोलीत होती.

काकूंनी हार मानली नाही. त्या आपल्या वेळेला चष्मा काढत, उशी उलटत आणि आडव्या होत. एका कानाशी शिलाई मशीन, दुसऱ्या कानाशी न्हाव्याचं यंत्र, पायाशी झेरॉक्सचा हिरवा उजेड. खाटेच्या काठावर न्हाव्याची गिऱ्हाइकं ओळीनं बसलेली. शिंपिणीकडे आलेल्या एका बाईला बाही कुठवर येईल ते बघायचं होतं, तर शिंपिणीनं काकूंचाच हात उचलून दाखवला आणि परत चादरीवर ठेवून दिला. एक नवीन आलेला माणूस जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला आणि अदबीनं म्हणाला, "मावशी, तुमचा नंबर कितवा?"

"पहिला," काकू डोळे न उघडता म्हणाल्या. "लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून पहिला."

तो बिचारा उठून शेवटी जाऊन बसला.

काका या सगळ्यातून हात मागे बांधून फिरत. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान असे, की जणू कुठल्या तरी लांबच्या देशातला धूर त्यांना प्रत्यक्ष विरळ होताना दिसतोय. पण दर थोड्या वेळानं ते बाहेर जाऊन मीटर बघत, आणि तोंड पाडून आत येत. एवढी माणसं राबत होती, तरी मीटरवरचा बाण म्हणत होता, की थोडी वीज बाहेर चाललीच आहे.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी न्हाव्याच्या पुढ्यात एक तरुण बसला होता. त्याला तिथून उठून तसंच नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं. आईनं घेऊन दिलेला नवा शर्ट त्यानं टॉवेलखाली आधीच चढवला होता. न्हाव्यानं त्याची डावी बाजू सुरेख बारीक करून आणली होती. शिंपीण इस्त्री करत होती, झेरॉक्सचं यंत्र कागद गिळत होतं, धुण्याच्या मशीनमध्ये चौथ्यांदा पडदे फिरत होते. एवढ्यात काका मीटर बघून आले. बाण अजून बाहेरच होता, अगदी थोडासा. काकांना ते सहन झालं नाही. ते न्हाणीघरात गेले आणि ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, त्यांनी पाणी तापवायचा गीझर लावला.

मीटरपाशी खट् असा आवाज झाला आणि सगळं घर गप्प झालं.

त्या शांततेत काकूंचा डोळा लागलाही असता. पण तो तरुण आरशात बघत होता. अर्धं डोकं साहेबाचं आणि अर्धं झुडपाचं. न्हावी त्याला धीर देत होता, की मुलाखतीला उजवी बाजू भिंतीकडे करून बसायचं. झेरॉक्सवाल्यानं सांगितलं की त्याची प्रमाणपत्रंही यंत्रात अडकली आहेत. मग मात्र तो उठला आणि टॉवेलसकट खाली बसला.

काकांनी मेन स्विच वर केला, तो पुन्हा खाली पडला. गीझर चालूच आहे, हे कुणाच्या ध्यानात येईना. शेवटी काकूंनी चष्मा लावला आणि सोलारवालीला फोन केला.

"बाई, येऊन जा," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे जग थांबलंय."

ती जवळच कुणाच्या तरी छपरावर होती. आली, मधल्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि तिनं बोटांवर एकेक यंत्र मोजलं. मग तिनं गीझर बंद केला, इस्त्री काढली, पडदे थांबवले आणि मेन वर केला. सगळ्यात आधी त्या पोराचं डोकं पुरं करा, असं तिनं न्हाव्याला बजावलं. डोकं झालं, कागद निघाले. तो तरुण आभार न मानताच पळाला. (त्याला नोकरी मिळाली, हे नंतर कळलं. भेटीला आला तेव्हा मात्र तो खाटेपासून लांबच बसला.)

मग सोलारवालीनं काकांना समोर बसवलं. एवढी सगळी माणसं घरात का आहेत, असं तिनं विचारलं. काकांनी टाकीची गोष्ट सांगितली.

"काका, बाहेर गेलेली वीज वाया नाही जात," ती म्हणाली. "तारेतून ती जवळच्या घरात जाते. समोर ताईंचं मशीन त्यांच्या घरी चालू असलं, तर ते तुमच्याच उन्हावर चालतं."



"म्हणजे पाइप जोडलेलाच आहे?" काकांनी हळूच विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. मी सांगितलं होतं तुम्हाला."

शिंपिणीनं मशीनवरून हात काढला. "मग मी हे धूड रोज उचलून रस्ता ओलांडत होते, ते कशासाठी?"

"चहासाठी," न्हावी म्हणाला.

संध्याकाळच्या आत सगळे आपापलं सामान घेऊन गेले. झेरॉक्सचं यंत्र न्यायला पुन्हा चौघं लागले. काकूंनी स्वतः झाडू फिरवून खाटेखालचे केस काढले, चादर बदलली, आणि रात्री त्या आनंदात आमटी-भाजी काय झाली हे कुणाला कळलंही नाही इतक्या वेगानं सगळ्यांना वाढलं. त्यांना दुसऱ्या दिवसाच्या दुपारची घाई झाली होती.

ती दुपार आली. काकूंनी चष्मा काढला, उशी उलटली, पाठ टेकली. कुठं काही वाजत नव्हतं. पंख्याचा वारा पायापासून कपाळापर्यंत फिरत होता. पापण्या जड झाल्या, आणि पंखा सावकाश सावकाश फिरत थांबला.

काकूंना वाटलं, वीज गेली. त्या वाट बघत पडून राहिल्या. मानेवर घाम आला तेव्हा उठल्या. काका दाराशी बटणाजवळच उभे होते.

"तुम्ही बंद केलात?"

"आपण इथं पंखा लावला की तेवढं ऊन पुढं कमी जातं," काका अपराधी आवाजात म्हणाले. "ती बिचारी तिकडं शिवतेय. दुपारपुरतं आपण घरातलं सगळं बंद ठेवू. फ्रिजचं सुनेला विचारतो."

एरवी काकूंनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण इतक्या दिवसांची झोप अंगात साचली होती, भांडायलासुद्धा जोर नव्हता. त्यांनी चष्मा लावला, उशी काखेत मारली आणि त्या रस्ता ओलांडून गेल्या.

शिंपिणीच्या खोलीत पंखा भरधाव फिरत होता. काकूंनी तिला विचारलं, की इथं जरा पडू का. तिनं पलंगावरची कापडं सरकवून जागा केली आणि पुन्हा शिवायला बसली. मशीनचा तो एकसुरी आवाज काकूंना इतके दिवस छळत आला होता. त्या दिवशी तो ऐकता ऐकता, एक बाही पुरी व्हायच्या आत त्या घोरू लागल्या.

बऱ्याच वेळानं काका शोधत आले. दारातून त्यांनी काकूंकडे पाहिलं, मग वर पाहिलं. आत येऊन ते पंख्याखाली उभे राहिले आणि नळाखाली धरावा तसा हात पुढं धरला.

"दाब चांगला येतोय," ते कुजबुजले. "आपल्याच छपराचं आहे हो हे."

दाब असाच टिकतो की मधे पडतो, ते जरा बसून बघतो, असं म्हणून ते खुर्चीत टेकले. थोड्या वेळानं त्यांची मान छातीवर आली.

शर्ट न्यायला एक गिऱ्हाईक दाराशी आलं, तेव्हा मशीन बंद होतं. शिंपिणीनं ओठांवर बोट ठेवलं.

"वीज नाही का?" त्यानं खुणेनं विचारलं.

"आहे," ती अगदी हळू म्हणाली. "पण दोघं झोपलेत. उद्या या."

तो पाय न वाजवता गेला. शिंपिणीनं मग मशीनवर हात ठेवले, हातांवर डोकं टेकलं. बाहेर ऊन धो धो पडत होतं, आणि त्याला आडवं जायला कुणी म्हणता कुणी जागं नव्हतं.