थंड पाण्यातल्या जंतूंचे वकील

मी फिनाईलचं फडकं हातात घेतलं की शेजारचे इनास सर दारात येऊन उभे राहायचे आणि मयताला आल्यासारखा चेहरा करायचे.

"किती कुटुंबं गेली, सिस्टर?"

मी हॉस्पिटलात नर्स. जंतू मारणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आणि नशीब बघा, बहारीनच्या हूरा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्याच दारात जंतूंचा वकील आणून ठेवला. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही नवराबायको अलिबागकडचे, सर वसईचे, एका भारतीय शाळेत जीवशास्त्र शिकवणारे. त्यांची बायको आग्नेस आणि मुलगी रीटा वसईला. सर इथं एकटे. पण तसं म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "एकटा कसा? चमचाभर पाण्यात आख्खा वसई तालुका बसेल एवढी आमची माणसं असतात."

आमची माणसं म्हणजे जंतू.

तरुणपणी सर संशोधनासाठी उत्तरेकडच्या एका थंड देशात होते, हिवाळ्यात जिथला समुद्र गोठतो अशा किनाऱ्यावर. तिथले जंतू काय खातात, किती खातात, हा त्यांचा विषय. काम अर्ध्यावर असताना वडील गेले, पाठची भावंडं शिकायची होती, म्हणून सगळं सोडून बहारीनची नोकरी धरली. देश सुटला, विषय सुटला नाही. बिल्डिंगच्या वॉचमनलाही ते थांबवून विचारायचे, "कार्बन, मालूम?" तो "मफी, मफी", म्हणजे नाही-नाही, करत जिन्याखाली नाहीसा व्हायचा.

आमच्याकडे जेवायला बसले की ताटातली सुरमई गार होईपर्यंत व्याख्यान. "वसंतात समुद्रात शेवाळ माजतं, सिस्टर. हवेतला कार्बन पाण्यात उतरतो, तो धरून ते अन्न तयार करतं. त्यातलं बरंचसं पाण्यात विरघळतं, डोळ्यांना दिसत नाही. ते खाणार कोण? आमची माणसं! ती खातात, श्वास सोडतात, कार्बन परत फिरायला मोकळा. ही जेवली नाहीत तर रहाटगाडगं थांबलं."

"थांबू दे. आधी तुम्ही जेवा."

त्यांचं भांडण होतं ते वेगळ्याच लोकांशी. थंड पाण्यात जंतू जवळजवळ झोपूनच असतात, असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं. सर चिडायचे. "झोपतात काय! थंडीत भूक मंदावते, एवढंच. ताटात भरपूर वाढून तर बघा!" हे सिद्ध करायला त्यांनी माझा फ्रिज धरला. तीन वाट्या दूध, तिन्हीत विरजण, पण साखर कमी-जास्त. मी म्हटलं, सर, दह्याचे जंतू उष्णतेतले, ते फ्रिजमध्ये काय दिवे लावणार? "सुखवस्तू आहेत," सर तुच्छतेनं म्हणाले, "पण त्यांनाही संधी द्यायला हवी." पंधरा दिवस माझ्या फ्रिजला हात लावायची चोरी. शेवटी एका शुक्रवारी नवऱ्यानं पुराव्यातला अर्धा भाग पोळीबरोबर खाऊन टाकला. शुक्रवारी इथं सुट्टी, त्यामुळे रविवारची मिसाही शुक्रवारीच. सर चर्चमधून आले आणि नवऱ्याला विचारू लागले, "पोट कसं आहे?" त्यात काळजी अजिबात नव्हती, फक्त उत्सुकता होती.

अशा माणसाकडे एका मे महिन्यात बायको-मुलगी यायची ठरली. व्हिसा सुट्टीपुरताच होता. पण आग्नेसनं आधीच स्पष्ट सांगितलं होतं, "पोर रमली तर पुढचा व्हिसा करा, आम्ही तिथंच राहू. नाही रमली तर जूनला वसईची शाळा." सगळं त्या नऊ वर्षांच्या पोरीवर. ती जन्मली तेव्हा सर बर्फाला भोक पाडून पाण्याच्या बाटल्या भरत होते. त्यानंतर बाप म्हणजे दोन वर्षांतून एकदा, महिनाभर येणारा पाहुणा.

सरांनी घर धुऊन काढलं. तेही फिनाईलनं! मी काही बोलले नाही, पण हसू दाबताना पुरेवाट झाली.

रीटा आली. दोन वेण्या, शहाणी, गप्प. विचारलं तेवढ्याच प्रश्नाला उत्तर, तेही आईकडे बघून. सरांनी आपला सिद्धांत बाहेर काढला: भूक मंद आहे, वाढत राहायचं. खालच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या वाण्याकडून, रोज पिशव्या भरून यायच्या. चॉकलेटं, डब्यातलं अननस, झोपवलं की डोळे मिटणारी बाहुली. जेवताना सर एकटेच बोलत असायचे. बर्फ, बर्फाखालचं पाणी, त्यात गुपचूप जेवणारी आमची माणसं. पोर ताटात बघून दोन घास खायची आणि उठायची. बाहुली खोक्यातच डोळे मिटून पडलेली.

एकदा सर जिन्यात भेटले. पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली.

"फार थंड आहे हो, सिस्टर."

"सर, पोर आहे ती. समुद्र नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सायकल आणली.

जूनच्या आधी आग्नेस माझ्याकडे येऊन बसली. "पोर रात्री उशीत तोंड घालून रडते. मी काय करू? त्यांचं वाईट वाटतं, पण पोरीला कुठं टाकू?" मी काय सांगणार? दोघी परत गेल्या. सायकल गॅलरीत राहिली.

त्यानंतरच्या शुक्रवारी सर मिसाहून थेट आमच्याकडे आले. चहा घेतला आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "थंड समुद्रात वर जे खाल्लं जात नाही, ते वाया जात नाही, सिस्टर. सावकाश तळाशी जातं. तिथं खाणारे असतात. उशिरा पोचतं, पण पोचतं."

मी मान हलवली. मनात म्हटलं, माणूस स्वतःची समजूत घालतोय, घालू दे.

नोव्हेंबरात आम्ही रजेवर निघालो. आखातातून कुणी गावी निघालं की बिल्डिंगमधल्या सगळ्यांची पार्सलं त्याच्या बॅगेत. सरांचं पार्सल सर्वांत जड, तरी मी मुकाट्यानं घेतलं. मी ते पोचवायला वसईला गेले. आग्नेसनं जेवायला बसवलं. भाताचा वास, वाटीत कोलंबीचं सुकं, आणि सगळे मुकाट्यानं जेवत होते. रीटा माझ्या शेजारी. मध्येच हळूच म्हणाली,

"काकी, पप्पा अजून जेवताना बोलतात?"

"बोलतात की."

तिनं थोडा विचार केला. "कोणाशी?"

ती पुढं म्हणाली, "इकडे जेवताना कोण काय बोलतच नाय. ती बर्फाखालची गोष्ट पप्पांनी अर्धीच सांगितली. मी उठले ना मधूनच."

परत आल्यावर मी सरांना हे जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "कोणाशी, असं विचारलं?" मी हो म्हटलं. त्यांनी परत सांगायला लावलं. तेव्हा मला त्यांची इतकी माया आली की त्या क्षणी त्यांनी माझा आख्खा फ्रिज मागितला असता तरी मी दिला असता.

दर नाताळाला सर टेलिफोन ऑफिसात जाऊन वसईच्या फादरांच्या बंगल्यावर कॉल लावायचे. मायलेकी तिथं येऊन थांबायच्या. त्या वर्षी त्यांनी मला बरोबर नेलं. "एकट्याला जमणार नाही, सिस्टर. मी रीटाशी फोनवर 'हॅपी ख्रिसमस'च्या पुढं कधी बोललोच नाही."

कॉल लागला. सर बूथमध्ये गेले, मी बाहेर. काचेतून ऐकू येत नव्हतं, पण हातवारे दिसत होते. बर्फ, भोक, खाली सोडलेली बाटली. मी घड्याळाकडे बघत म्हटलं, झालं, आता मिनिटं संपेपर्यंत हा माणूस थांबायचा नाही.

पण मध्येच त्यांचा हात खाली आला. तोंड बंद झालं. रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरून इनास सर बराच वेळ नुसते ऐकत राहिले.