घासणीचे ओरखडे आणि फोमपॅडांची मोहीम

श्रीगजाननास व मोटारीच्या चारही चाकांस नमन करोन लेखनास आरंभ. सनीव्हेल प्रांती देवदत्तराव संगणकनवीस यांणी आपल्या कुटुंबाच्या मोटारीची आबरू कैसी राखिली, त्याची हकीकत ऐसीजे. पुढे कोणी म्हणेल की मोटार आपोआप चमकली, त्याचे तोंड बंद व्हावे म्हणोन तपशिलाने लिहिले असे.

ऐसियास, रावांचे कुटुंब चारुताबाईसाहेब. व्हिसाच्या पेचामुळे कैक वर्षे घरी बसणे प्राप्त जाहले. मग कामाचा परवाना आला आणि नोकरी लागली आणि स्वतःच्या पगारातून काळीभोर मोटार खरीद केली. तीवर बाईसाहेबांचा जीव फार. दसऱ्यास रावांच्या मातुश्री उत्तराबाई, ज्या नागपुराहून मुक्कामास आल्या होत्या, त्यांणी बॉनेटावर हळदकुंकवाचा ठसठशीत टिळा लाविला. दुसरे दिवशी बाईसाहेब कचेरीच्या कामगिरीवर रेडमंडास कूच करित्या जाहल्या आणि मागे उन्हाने टिळा भाजोन पक्का बसला. सून परतण्याआधी गाडी लख्ख करावी, या मायेपोटी मातुश्रींनी ओट्यावरील हिरवी घासणी घेतली आणि कढई घासावी तैसे बॉनेट घासिले. टिळा गेला आणि रंगाची झिलईही गेली आणि काळ्या अंगावर ओरखड्यांची जाळी उठली.

मातुश्री फार खट्टू जाहल्या. निश्चय केला की या मोटारीत आता पाऊल ठेवणे नाही. भाजीस नेतो म्हटले तरी पायी निघत. त्या मुलखी पायी चालणारा मनुष्य म्हणजे एक तर कुत्रा फिरविणारा, नाही तर कोणाचे तरी पाहुणे आलेले आईबाप. ओरखडे न गेले तर आई ऐसीच मान खाली घालोन नागपुरास परतेल, हा घोर रावांच्या जिवास लागला.

मग मसलत जाहली. क्युपर्टिनोकर ऋषीपंत म्हणोन स्नेही, त्यांजकडे स्वतःचे गराज आणि पॉलिशचे यंत्र, ऐसा दुहेरी सरंजाम. यंत्रास लावावयाचे फोमचे गोल पॅड मात्र रावांणी आणावे ऐसे ठरले. रावांणी फोनवर दुकान उघडिले आणि जन्माच्या सवयीने सर्वांत स्वस्त माल वर घेतला आणि रंगीबेरंगी पॅडांची थप्पी मागविली. ओरखडे मोठे तर शस्त्रही मोठे, ऐसा विचार करोन सर्वांत टणक पॅड आघाडीस घातला.

यंत्र गरजले. तों पॅड तापला आणि डिंक सुटला आणि वेल्क्रो यंत्रास चिकटोन राहिले आणि फोम उडोन ऋषीपंतांच्या लिंबाच्या झाडात जाऊन बसला. यंत्राच्या उघड्या चकतीने बॉनेटास एक नवा ओरखडा बहाल केला. ऋषीपंतांचे फर्मान सुटले, "यार, लोएस्ट प्राइसवर सॉर्ट केलंस ना? खरं बोल!" रावांणी मान खाली घातली आणि पहिली लढाई बुडाली.

मग खासा स्वारी मोटारसामानाच्या दुकानी गेली. तेथे रावांणी एकेक पॅड दाबोन पाहिला. बोट उचलताच जो पूर्ववत उभा राहिला तो ठेविला, जो चेपलेलाच राहिला त्यास रुखसत दिली. छिद्रे एकसारखी आहेत की कोठे भगदाड, हे उजेडास धरोन तपासिले. वेल्क्रो घट्ट बसलेले आणि फोम चकतीच्या चहूकडे जरा बाहेर आलेला, जेणेकरोन कठीण कड रंगास न लागावी, ऐसेच निवडिले. पॅडाच्या रंगावर भरवसा ठेविला नाही, का की एका कारखान्याचा काळा पॅड मऊ आणि दुसऱ्याचा काळा कठोर. सबब वेष्टनावरील मजकूर अक्षरशः वाचिला, जो आपला मनुष्य एरव्ही वस्तू बिघडल्यावरच वाचितो.

मग पुनश्च गराज. मातुश्री ऋषीपंतांच्या गाडीतून आल्या आणि खुर्चीवर बसोन टॉर्च धरित्या जाहल्या. या खेपेस मऊ पॅड पुढे केला, तोही वीतभर जागेत. ओरखडे हटेनात तेव्हा मधला घेतला. दाब बेताचा ठेविला आणि पॅड पॉलिशने माखला की बदलिला आणि जाळी विरत चालली. शेवटी मऊ पॅडाने झिलई दिली. "कोपरा राहिला रे," ऐसी मातुश्रींची आज्ञा जाहली, आणि तो कोपराही सर केला.

रविवारी बाईसाहेब आल्या. राव काहीच न घडल्यागत उभे होते, परंतु फितुरी बॉनेटानेच केली. ते ऐसे चमकत होते की उरलेली मोटार मागून आणल्यासारखी दिसे.

"हे काय? फक्त बॉनेटच पॉलिश केलंस?"

राव सबब शोधिताहेत तों मातुश्रींनी स्वमुखे कबुली दिली. "मी घासणीनं घासलं गं. तुझ्या कमाईची गाडी. आता मी नाही बसणार तीत."

बाईसाहेबांणी मोटारीचे पुढील दार उघडिले. मग म्हणाल्या, "आई, मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा मला जॉब नव्हता, लायसन्स नव्हतं. आपण दोघी दिवसभर खिडकीत बसून रस्ता बघायचो. आठवतं? तुम्हाला फिरवता यावं म्हणून तर मी ड्रायव्हिंग शिकले. बसा पुढे."

मातुश्रींनी पदराने डोळे पुसले आणि पुढील आसनी विराजमान जाहल्या. ते आसन त्यांस वंशपरंपरागत बहाल जाहले आणि रावांची रवानगी मागे जाहली. बाकीची मोटारही रावांणीच पॉलिश करावी, ऐसा हुकूम वर मिळाला. ओरखडे जेर आणि मातुश्रींची मान ताठ, येणेप्रमाणे फत्ते नोंदविली असे. मोटार निघाली, तेव्हा मातुश्रींनी बॉनेटाकडे एकवारही पाहिले नाही. त्या वाटभर सुनेकडेच पाहात होत्या.